खालच्या खिळीचा नट

मंगळवारी दुपारी मिस्त्रींनी घरातलं घडीचं दार नीट केलं. बुधवारी सकाळी फिरून आले, चपला काढल्या, दार ओढलं, तर ते वर घासलं. खाली घासलं असतं तर एक वेळ समजण्यासारखं होतं. सोमवारी मुलाने दार ओढताना ते जमिनीवर करकरलेलं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, म्हणून तर मंगळवारी पाना घेऊन गुडघे टेकले होते. उचललं तेही मोजून, दीड सूत, पाव इंचसुद्धा नाही. आणि आज ते वरच्या पट्टीला डोकं आपटत होतं.

"दीड म्हणता म्हणता तीन सूत उचललं की काय मी?" मिस्त्री दारालाच म्हणाले.

दार गप्प. दारं कधी बोलतात का? बोलली असती तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं.

बाहेरची लांब खोली आणि मिस्त्रींची झोपायची जागा यांच्यामध्ये हे चार झडपांचं दार होतं. भिंतीकडची पहिली झडप वर एक आणि खाली एक अशा दोन खिळींवर फिरायची. बाकीच्या तिघी बिजागऱ्यांनी एकमेकींचा हात धरून तिच्यामागून यायच्या. वरच्या पट्टीत चाकं होती, पण ती नुसती वाट दाखवायला. सगळं ओझं घ्यायची ती भिंतीकडची खालची खीळ. त्या खिळीला एक नट होता. नट पान्याने उजवीकडे फिरवला की अख्खं दार वर उठायचं, डावीकडे फिरवला की खाली बसायचं. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा, दोन खोल्यांच्या तीन खोल्या व्हाव्यात म्हणून मिस्त्रींनी हे दार स्वतःच्या हातांनी केलं होतं. चाळीस वर्षं लोकांच्या घरी दारं बसवली, शेवटचं आपल्या घरी बसवलं. घरात आता त्यांच्याकडे दुसरं कुठलं खातं नव्हतं. स्वयंपाकघर सुनेचं, बाजारहाट मुलाचा, दार मिस्त्रींचं.

तर बुधवारी त्यांनी नट पुन्हा खाली घेतला. पहिल्या झडपेखालून पुठ्ठ्याचा ठरलेला तुकडा सरकवून पाहिला. पुठ्ठा अडकत नव्हता, सैलही जात नव्हता. दार दहा वेळा उघडलं, दहा वेळा मिटलं. लोण्यासारखं चाललं. समाधानाने त्यांनी पाना पेटीत ठेवला, आणि गुरुवारी सकाळी तेच दार पुन्हा वर घासलं.

आता दार घासलं तर त्यात एवढं काय? तुमच्याआमच्या घरी दार घासलं तर आपण ते जरा जोराने ओढतो आणि आपल्या कामाला लागतो. पण मिस्त्रींना ते सोडून देता येईना, आणि त्याला कारण होतं.

त्यांचे थोरले बंधूही सुतारच. हात असा की लाकडाने त्यांच्यापुढे लाजावं. पण शेवटच्या तीन वर्षांत डोक्याने दगा दिला. रोज सकाळी उठून ते खोलीतल्या खिडकीची एक झडप बिजागऱ्यांतून उतरवून ठेवायचे आणि दुपारी घरभर विचारत फिरायचे, "ही कुणी उतरवली? कुणाला हात शिवशिवतात एवढे?" संध्याकाळी मिस्त्री ती झडप परत बसवायचे. सकाळी ती पुन्हा जमिनीवर. तीन वर्षं.

दादा गेले त्याच वयाचे मिस्त्री आता झाले होते.

"देवा," ते देवासमोर उभे राहून म्हणाले, "दात नेलेस, मी काही बोललो नाही. गुडघे नेतोयस, ने बाबा, तुझेच आहेत. पण डोकं तेवढं राहू दे. दुसऱ्याच्या हातचं बाहुलं करू नकोस."

मग त्यांनी एक युक्ती केली. दार पुन्हा बसवलं, नटावर आणि त्याच्या खालच्या पत्र्यावर पेन्सिलीने एक सरळ रेघ मारली, आणि एका चिठ्ठीवर लिहिलं: 'गुरुवार सकाळ. दार बसवलं. पुठ्ठा बरोबर. रेघ मारली.' चिठ्ठी शर्टाच्या खिशात घातली. आता बघतो म्हणाले, कोण खोटं ठरतं ते.

पण माणसाचं मन मोठं उतावळं. संध्याकाळपर्यंत त्यांना दम निघेना. दुपारी सूनबाई कामावरून आली. ती कपडे शिवायच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला असायची, सातला बाहेर पडायची आणि तीनला परत यायची. मिस्त्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहिले. विचारायचं तर होतं, पण वेड्यासारखं दिसायचं नव्हतं.

"सूनबाई, काल मी... दाराला हात लावला होता का गं?"

सूनबाईच्या हातातला पेला तसाच राहिला. एक क्षण ती सासऱ्यांकडे बघत राहिली.

"छे! नाही हो बाबा," ती म्हणाली. "दाराला काय झालंय? छान तर आहे."

"म्हणजे मी पाना घेऊन खाली बसलो नव्हतो?"

"मला तरी नाही दिसलात. चहा टाकू?"

मिस्त्रींनी चहा घेतला, पण तो गोड होता की कडू ते त्यांना कळलं नाही. खिशातली चिठ्ठी म्हणत होती, आज दार बसवलं. सून म्हणत होती, काल हातही लावला नाही. मग काल पुठ्ठा सरकवला तो कुणी? की ते मंगळवारचंच दोनदा आठवत होतं? की मंगळवारी तरी काही झालं होतं का?

संध्याकाळी मुलगा आला. छापखान्यातून यायचा तो, बोटांना नेहमी शाई. त्यालाही मिस्त्रींनी आडूनच विचारलं.

"दार बरं चालतंय ना रे?"

"एकदम झकास! तुम्हीच तर कालच नीट केलंत ना, बाबा. तुमचा हात लागल्यावर काय बिशाद आहे त्याची!"

घ्या! सून म्हणते हात लावला नाही, मुलगा म्हणतो नीट केलंत. मिस्त्री दोघांच्या मधोमध, त्या दारासारखे. शुक्रवारी सकाळी गुडघ्यांवर बसून त्यांनी नटावरची रेघ बघितली, तर रेघा दोन होत्या. एक इथे, एक तिथे, आणि पत्र्यावरच्या रेघेशी दोन्हींचं जमत नव्हतं.

"मी दोन रेघा कशाला मारीन?" ते पुटपुटले. मग लगेच दुसऱ्या आवाजात, "मारल्या असतील. तुला काय आठवतंय?"

पण रेघांचंही एक वेळ राहू द्या. नटाकडे नीट बघितलं तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. नटाचे कोपरे खाल्लेले होते. सहा कोपऱ्यांपैकी चार उंदराने कुरतडल्यासारखे गोल झालेले, आणि त्यांवर दातांचे बारीक ओरखडे. पाना असे ओरखडे ठेवत नाही. नटाला कुणीतरी पक्कड लावली होती. आणि घरात दाराला हात लावणारं दुसरं होतं कोण?

नटाला पक्कड! चाळीस वर्षांत मिस्त्रींनी ते पाप केलं नव्हतं. हाताखालची माणसं त्यांच्या शिव्या खाऊन मोठी झाली ती याच पायी. माणूस विसरतो, ठीक आहे, पण ज्या कामाची शिसारी येते तेही करून विसरतो? मग आत आता कोण राहतंय? त्यांनी दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. हात तर तेच होते, तीच अंगठ्यावरची पटाशीची खूण.

त्यात भर म्हणून दुपारी तेलाची कुपी सापडेना. वरच्या पट्टीत दोन थेंब सोडायचे होते. पेटी पालथी घातली, खाटेखाली शोधलं. शेवटी सूनबाईला फ्रिजमधून दूध काढताना ती शेजारीच दिसली. सूनबाईने काही न बोलता ती आणून त्यांच्या पेटीवर ठेवली. तिचं ते न बोलणं मिस्त्रींना शंभर बोलण्यांपेक्षा जड गेलं. दादांच्या वेळी ते स्वतः असेच गप्प राहायचे.

शनिवारी सकाळी त्यांनी लंबूला फोन केला. लंबू एके काळी त्यांच्या हाताखाली शिकलेला. आता त्याचंच वय पन्नाशीचं, हाताखाली सहा माणसं, पण मिस्त्रींसमोर अजून उभाच राहायचा.

"रविवारी ये," मिस्त्री म्हणाले. "पेटी घेऊन जा."

"कुठली पेटी?"

"माझी. हत्यारांची."

मग लंबू म्हणाला, "येतो." का, कशाला, काही विचारलं नाही.

त्या रात्री मिस्त्री जेवले नाहीत, पोट जड आहे म्हणाले. रविवारी सकाळी त्यांनी पेटीतलं एकेक हत्यार पुसून काढलं. रंधे, पटाश्या, लाकडी मुठीचे तीन पेचकस, भोकं पाडायचा सामता, ओळंबा. पुसताना एखाद्या पटाशीची धार बोटाने बघायचे आणि मग एकदम आठवल्यासारखे ठेवून द्यायचे. सूनबाई आतून बघत होती. नवरा पेपर वाचत होता, म्हणजे पेपर तोंडासमोर धरून तोही बघत होता.

लंबू आला तो दारातच वाकला. उंच माणसांना चौकटींची सवय लागते. पाणी प्याला, हसला, आणि पेटीकडे न जाता सरळ घडीच्या दारापाशी गेला. सुतार माणूस कुणाच्याही घरी गेला तरी आधी दारांना भेटतो, मग माणसांना. त्याने दार ओढलं. दार जमिनीवर करकरलं. तो खाली बसला आणि नटाकडे बघून त्याच्या तोंडून शिट्टीच निघाली.

"मिस्त्री, हे कुणाचं काम?"

"माझंच."

"तुमचं? नटाला पक्कड?" लंबू मोठ्याने हसला. "अहो, मी एकदा लावली होती तर तुम्ही पक्कड हिसकावून खिडकीतून भिरकावली होतीत. खाली घरमालकाची सायकल उभी होती. तिची घंटा मी माझ्या खिशातून भरून दिली. आणि आता तुम्ही?"

"लावली असेल," मिस्त्री म्हणाले. आवाज इतका बारीक की लंबूचं हसू तिथेच थांबलं. "मला आठवत नाही रे. या आठवड्यात मी रोज दार बसवतोय आणि रोज मीच ते बिघडवतोय. कधी करतो, का करतो, काही आठवत नाही. दादासारखं झालंय. पेटी घेऊन जा तू. उद्या हातात पटाशी घेऊन काय करीन त्याचा भरवसा नाही."

स्वयंपाकघरात नळ चालू होता तो बंद झाला. सूनबाई ओल्या हातांनी तशीच बाहेर आली.

"बाबा," ती म्हणाली, "पक्कड मी लावली."

मिस्त्री तिच्याकडे वळले.

"तू?"

"रोज सकाळी. तुम्ही फिरायला गेलात की. मी सातला निघते, सगळं सामान ओट्यावरून घेऊन बाहेर पडायला दार ओढलं की ते खाली करकरतं. शेजारी उठतात, ह्यांची झोप मोडते. म्हणून जरासं वर घ्यायची. पान्याला हात लावला तर तुम्हाला कळेल, म्हणून माझ्या शिलाईच्या डब्यातली पक्कड घ्यायची. मला काय माहीत नटाला पक्कड चालत नाही!"

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"तुम्ही किती ओशाळलेले दिसलात. मला वाटलं, दार नीट झालं नाही याचं तुम्हाला वाईट वाटतंय, आणि आपण हातच लावला नव्हता असं तुम्हाला म्हणायचंय. म्हणून मी म्हटलं, नाही हो, नाही लावलात."

"अगं पण," तिचा नवरा पेपर खाली टाकून उभा राहिला, "वर घेत होतीस ती तू? मी इकडे रोज संध्याकाळी खाली करतोय!"

आता सगळे त्याच्याकडे वळले.

"तुम्ही?" सूनबाई म्हणाली.

"मग! रात्री मी दार बंद करून बातम्या लावतो. तर दार वर अडकायचं, चार बोटं उघडंच राहायचं. आवाज आत जाईल, बाबांची झोप जाईल, म्हणून संध्याकाळी बाबा खाली बाकावर जाऊन बसले की मी जरा खाली घ्यायचो. किती घेतलं ते कळावं म्हणून रेघसुद्धा मारून ठेवली होती."

"दुसरी रेघ तुझी?" मिस्त्री म्हणाले.

"दुसरी? पहिली कुणाची?"

"अहो, म्हणजे मी सकाळी चढवायचं आणि तुम्ही संध्याकाळी उतरवायचं?" सूनबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आणि मला म्हणायचे, दार बघ कसं छान चालतंय!"

"तूही म्हणायचीस की!"

"मला सांगता येत नव्हतं? तोंड होतं ना?"

"तुला नव्हतं?"

लंबू आलटून पालटून दोघांकडे बघत होता. त्याला हसावं की निघून जावं कळत नव्हतं. मिस्त्री मात्र पेटीवर जाऊन बसले. आनंद व्हायला हवा होता, तो वाटेत कुठेतरी अडकला होता. आपण वेडे नाही हे कळलं, पण त्याबरोबर चार दिवसांची सगळी घालमेल एकदम वर आली.

"पोरी," ते म्हणाले, "तुझ्या त्या 'छे, नाही हो'ने मला अन्न गोड लागलं नाही. माझे मी हात तपासत होतो. तोंडावर सांगितलं असतंस, म्हाताऱ्या, दार नीट झालं नाही, तर मी दोन मिनिटं रागावलो असतो. याहून जास्त काय झालं असतं?"

सूनबाईचे डोळे भरून आले. तिच्या बाजूने मुलगाच बोलला, खाली बघत.

"बाबा, हे तुम्हीच शिकवलंत. मोठ्या काकांच्या वेळी. मी म्हणायचो, काका, झडप तुम्हीच उतरवलीत, तर तुम्ही मला बाहेर नेऊन सांगितलंत, मोठ्या माणसाची चूक तोंडावर दाखवायची नाही, मागून गुपचूप नीट करायची."

मिस्त्रींना दादांचा तो आवाज ऐकू आला, ही कुणी उतरवली म्हणून विचारणारा. तीन वर्षं ते विचारत होते आणि घरातल्या एकानेही त्यांना उत्तर दिलं नव्हतं. दया म्हणून. ती दया आतून कशी लागते ते मिस्त्रींना या चार दिवसांत कळलं होतं. दादा किती गोंधळले असतील, किती घाबरले असतील, ते आता कुणाला विचारणार?

"शिकवलं खरं," ते शेवटी म्हणाले. "चुकीचं शिकवलं."

लंबू दारापाशी सरकला. "मिस्त्री, तुम्ही घरच्यांचं नंतर बघा. मला एक सांगा, तुम्ही दार बसवायचात तेव्हा ते चालायचं?"

"लोण्यासारखं."

"आणि ह्यांच्या हातात घासायचं."

"म्हणून तर सगळे नटामागे लागले."

"मग तुम्ही बसा त्या स्टुलावर. आज ओढू द्या दुसऱ्याला. तुम्ही नुसतं बघा."

मिस्त्री आतल्या बाजूला भिंतीपाशी स्टुलावर बसले. मुलाने बाहेरून दार ओढलं. करकर. पुन्हा मागे नेलं, पुन्हा ओढलं. करकर. मिस्त्रींनी आजवर हे दार हजार वेळा ओढलं होतं, पण दुसऱ्याने ओढताना समोर बसून कधी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या वेळी ते एकदम ओरडले.

"थांब! तिथेच थांब. हलू नकोस."

मुलगा पुतळ्यासारखा थांबला. मिस्त्री उठून दुसऱ्या आणि तिसऱ्या झडपेच्या जोडापाशी गेले. वरची बिजागरी लाकडापासून सुटून अंगठ्याच्या नखाएवढी उघडी पडली होती.

"मागे घे. आता ओढ."

ओढल्यावर बिजागरी पुन्हा उघडली, आणि तिसरी-चौथी झडप मान टाकल्यासारखी खाली आली. आत स्क्रूंच्या भोकांचं लाकूड भुसभुशीत झालं होतं. स्क्रू होते, पण धरायला त्यांना काही उरलं नव्हतं.

"हे बघ," मिस्त्री म्हणाले, आणि आठवड्यात पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जोर आला. "नट किती फिरवा! दार खालून उचललं तर पहिली झडप वर घासणार, उतरवलं तर चौथी खाली घासणार. दुखणं मधल्या बिजागरीचं, आणि आपण तिघं पायाला मालिश करत बसलोय. आणि मी तर बिघाड दारात शोधायचा सोडून डोक्यात शोधत होतो."

"पण बाबा, तुमच्या हातात का नाही घासायचं?" सूनबाईने विचारलं.

मिस्त्रींनी मूठ धरली, दार ओढलं. हूं की चूं नाही.

"मूठ उचलता तुम्ही," लंबू म्हणाला.

"मी? कधी?"

"पहिल्यापासून. दार ओढताना मनगट असं वर. दाराचं वजन स्वतः घेता. आम्ही तुमच्या पाठीमागे नकला करायचो त्याच्या."

मिस्त्रींनी आपल्या मनगटाकडे बघितलं. मग पुन्हा दार ओढलं, मुद्दाम हात सैल ठेवून. करकर! ते इतके हसले की त्यांना खोकला आला. सूनबाई पाणी आणायला धावली.

पाणी पिता पिता त्यांचं हसू विरलं.

"आता खरं सांगा," ते म्हणाले. "तेलाची कुपी फ्रिजमध्ये कुणी ठेवली?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं.

"मी नाही," मुलगा म्हणाला.

"मीही नाही, बाबा. खरंच नाही. आता खोटं बोलणार नाही."

मिस्त्रींनी पेला खाली ठेवला. कुपी हातात घेऊन फ्रिज उघडल्याचं त्यांनी आठवून पाहिलं. काहीच आठवलं नाही, नुसता पांढरा धूर. भीती पुन्हा एकदा जागी झाली, पण आता ती एका कुपीएवढीच होती.

"बरं," ते म्हणाले. "मग तेवढं माझं."

आणि पेटी उघडली.

"म्हणजे पेटीचं काय करायचं?" लंबूने विचारलं.

"पेटीला काय झालंय? काम निघालंय, दिसत नाही? तू दार धर."

चौथ्या झडपेखाली लाकडाची पाचर सरकवून त्यांनी दार सरळ उभं केलं. एका बाजूने लंबूने धरलं, दुसऱ्या बाजूने सूनबाईने. मिस्त्रींनी बिजागरी सोडवली, भोकं उकरून साफ केली. जुन्या लाकडाच्या बारीक काड्या तासून, गमात बुडवून, एकेका भोकात हातोडीने हलकेच ठोकल्या, आणि वर राहिलेली टोकं पटाशीने सपाट कापली. मुलगा शाईच्या बोटांनी काड्या पुरवत होता. गम धरेपर्यंत तासभर सगळे चहा पीत बसले. मिस्त्रींनी दोन घोट घेतले आणि साखर कमी आहे म्हणाले. सूनबाईला बरं वाटलं. चार दिवसांत त्यांनी चहाबद्दल चांगलं वाईट काही म्हटलंच नव्हतं.

मग स्क्रू. मिस्त्रींच्या पेचकसाचं टोक स्क्रूच्या खाचेत बसेना, दोनदा घसरलं. लंबूने नकळत हात पुढे केला.

"धर म्हटलं ना? दार धर!"

लंबूने दार धरलं. पहिला स्क्रू बसला. दुसरा बसला. तिसरा, सगळ्यात वरचा, बसवताना मिस्त्रींना हात उंच करावा लागला, आणि मनगट भरून आल्यावर त्यांनी तो घाईने शेवटपर्यंत पिळला. मग मागे सरकून कपाळ पुसलं.

"झालं."

सूनबाईचा चेहरा बिजागरीच्या अगदी जवळ होता. तिला दिसलं, तिसरा स्क्रू तिरका गेला होता. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्यालाही दिसलं होतं. त्याने डोळ्यांनी खूण केली, राहू दे. लंबू छताकडे बघू लागला.

सूनबाईने ओठ दाबले. एकदा सासऱ्यांकडे बघितलं. ते पेचकस पुसत होते, खूश होते.

"बाबा," ती म्हणाली, "वरचा स्क्रू तिरका गेलाय."

मिस्त्रींचे हात थांबले.

"किती?" मिस्त्रींनी विचारलं.

"बराच."

"बराच म्हणजे? नीट सांग."

"डोकं एका बाजूने बाहेर राहिलंय. दार मिटताना तिथे टेकणार."

मिस्त्रींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, आणि स्क्रूला नाक लागेल इतके जवळ गेले. कान लाल झाले होते त्यांचे.

"गेलाय खरा," ते म्हणाले. "काय मेलं मनगट! बघता काय सगळे, पाहिला नाहीत कधी तिरका स्क्रू?"

त्यांनी पेचकस खाचेत बसवला आणि डावीकडे फिरवायला सुरुवात केली. स्क्रू हळूहळू बाहेर आला, त्याच्याबरोबर काडीचा थोडा भुगाही.

"काडी दे," ते मुलाला म्हणाले. "आणि जरा जाड दे. भोक मोठं झालंय."